गिअरबॉक्स खोलण्याआधी ऑईल बघा

वाचकाचं पत्र

"मी साताऱ्यात राहते आणि कराडजवळच्या एका शाळेत शिकवते. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, म्हणून सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. २०१५ ची पेट्रोल सेडान, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, आता ८६ हजार किलोमीटर झालेत. गेल्या थंडीपासून सकाळी गेटमधून बाहेर काढताना रिव्हर्स टाकला की गाडी क्षणभर काहीच करत नाही, मग एकदम दणका बसतो. हायवेला ५५-६० च्या वेगाने एकसारखी चालवताना रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर येते, पाय दाबला की जाते. मे महिन्यात पुण्याहून परत येताना खंबाटकीत पाच माणसं आणि एसी चालू होता. आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडी चढेना. बाजूला घेऊन थोडा वेळ उभी केली, मग नीट आली. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, हा सीलबंद गिअरबॉक्स आहे, ऑईल आयुष्यभराचं, काही करायचं नसतं. दुसऱ्याने चक्कर मारली आणि म्हणाला, गिअरबॉक्स खोलावा लागेल, सव्वा ते दीड लाख. आमचे भाऊजी म्हणतात, जुन्या गिअरबॉक्सला नवीन ऑईल टाकलं की तो बसलाच म्हणून समज. उतारावर मी न्यूट्रल करते, पेट्रोल वाचतं म्हणून. ते तरी बरोबर आहे का? आणि पुढची गाडी एएमटी घ्यावी का?"

— एक वाचक, सातारा

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य मी शोधत होतो आणि ते सापडलं नाही. गाडी लिफ्टवर घेऊन कोणी ऑईलची पातळी पाहिली, असं कुठेच लिहिलेलं नाही. एकाने न बघता काही करू नका म्हटलं, दुसऱ्याने न बघता दीड लाख सांगितले, आणि भाऊजींनी तर गाडीखाली वाकायची वेळच येऊ दिली नाही. तेव्हा आज तिघांचंही बाजूला ठेवा. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मं निदान तुम्हीच करून दिलंय.

तुमच्या गिअरबॉक्समधलं ऑईल एकाच वेळी चार कामं करतं. दातेऱ्यांना वंगण देतं, उष्णता वाहून कूलरपर्यंत नेतं, स्वतःच्या दाबाने आतले क्लच (पेडलचा नव्हे, गिअर धरून ठेवणाऱ्या प्लेटांचे) आवळतं, आणि त्या क्लचच्या प्लेटा एकमेकींना किती अलगद धरतील हेही तेच ठरवतं. इंजिन ऑईल खराब झालं तर इंजिन बरेच दिवस कुरकुरत चालतं. इथे मात्र ऑईल बिघडलं किंवा कमी झालं की गिअर पडण्याची पद्धतच बदलते, आणि लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला. तुमची तिन्ही लक्षणं वेगवेगळी दिसत असली तरी जुनं आणि कमी झालेलं ऑईल या एका कारणाने तिन्हींचा उलगडा होऊ शकतो. होतोच असं मी म्हणत नाही. पण सगळ्यात स्वस्त कारण आधी तपासायचं आणि सगळ्यात महाग शेवटी, एवढी तरी शिस्त गॅरेजवाल्याने पाळायला हवी.

थरथरीपासून सुरुवात करू, कारण तीच सगळ्यात जास्त बोलतेय. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घट्ट जोड नसते, मध्ये ऑईल फिरतं. त्यात थोडी शक्ती वाया जाते, म्हणून एकसारख्या वेगात गाडी चालू लागली की आतला एक छोटा क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो. याला लॉक-अप म्हणतात. ऑईल ताजं असतं तेव्हा त्यातल्या रसायनांमुळे हा क्लच अलगद बसतो. ऑईल थकलं की प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा होतं. तुम्हाला रम्बलर आठवला तो यामुळे. ५५-६० चा वेग, पाय स्थिर, हलका अॅक्सिलरेटर हीच लॉक-अप लागायची वेळ. पाय दाबला की गिअरबॉक्स लॉक-अप सोडतो आणि थरथर जाते. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

मात्र अगदी अशीच थरथर इंजिन मिस करत असेल तरी येते. स्पार्क प्लग झिजलेत किंवा एखादी इग्निशन कॉइल दम सोडतेय, म्हणजे हजार-दोन हजारांचं काम, आणि त्यापायी गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या असतात. फरक ओळखायची एक साधी चाचणी आहे. रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नसताना, वेग आणि उजवा पाय तसाच ठेवून ब्रेक पेडलला इतकाच स्पर्श करायचा की मागचे दिवे लागतील, गाडी थांबणार नाही. बहुतेक गाड्यांमध्ये ब्रेकचा स्विच लागला की लॉक-अप सुटतो. आरपीएमचा काटा थोडा वर सरकला आणि त्याच क्षणी थरथर गायब झाली, तर ती लॉक-अपची. थरथर तशीच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल बघायचे. यात डावा पाय ब्रेकवर न्यावा लागतो, आणि ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाची सवय नसलेला माणूस ब्रेक नको इतका दाबतो. तुम्ही करू नका, गुडघ्याचाही प्रश्न आहे. मेकॅनिकला करायला लावा आणि तुम्ही शेजारी बसून काटा बघा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: इंजिन मिस करत असेल तर ते बहुधा चढावर किंवा जोर देताना जास्त जाणवतं. तुमचं उलट आहे, म्हणून माझा कल लॉक-अपकडे आहे.

आता सकाळचा दणका. रात्रभर उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधलं काही ऑईल खाली चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, उतरतं. सकाळी पंपाने ते पुन्हा भरायचं, दाब तयार करायचा, मग क्लच आवळायचा. ऑईल पुरेसं असेल तर हे सगळं इतक्या झटपट होतं की कळतही नाही. कमी असेल, किंवा आतले रबरी सील टणक झाले असतील, तर वेळ लागतो, विशेषतः थंडीत आणि विशेषतः रिव्हर्सला. दाब उशिरा येतो आणि आला की एकदम येतो. तोच तुमचा दणका.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. जुनं इंजिन ऑईल पितं, गिअरबॉक्स पीत नाही. त्यात ऑईल जळायला जागाच नाही. पातळी कमी निघाली तर ते कुठून तरी गळतंय: चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून, चेंबरच्या पॅकिंगमधून किंवा कूलरच्या पाइपातून. आज रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. पुढच्या भागाखाली लालसर किंवा तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग दिसला तर अर्धं उत्तर घरबसल्या मिळालं. एसीचं पाणी पडतं त्याने घाबरू नका, ते वासाला आणि बोटाला पाण्यासारखंच असतं.

दणक्याला दुसरं कारण आहे आणि ते गिअरबॉक्सच्या बाहेर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात. गॅरेजमध्ये त्यांना फाउंडेशन म्हणतात. दहा वर्षांत ते रबर फाटतं किंवा बसतं. मग 'पी' (पार्किंग) मधून 'आर' (रिव्हर्स) टाकला की सगळं इंजिन एका बाजूला झोल खातं आणि ठप्प आवाज येतो, दोष मात्र गिअरबॉक्सला लागतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक पक्का दाबून एकाने 'डी' (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा) आणि 'आर' आलटून-पालटून टाकायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती हलतं ते पाहायचं. बाजूला म्हणजे बाजूलाच, गाडीच्या समोर किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही.

खंबाटकीतला प्रसंग या तिन्ही लक्षणांत सगळ्यात गंभीर. चढणीवर हळू वेगात जास्त जोर लावला की कन्व्हर्टरमध्ये ऑईल घुसळलं जातं आणि तापतं. मे महिना, पाच माणसं, एसी, पुढे ट्रकची रांग. तापून पातळ झालेल्या आणि बहुधा कमी असलेल्या ऑईलला दाब टिकवता आला नाही, क्लच घसरला, घसरल्याने आणखी तापला. काटा वर जातो आणि गाडी जात नाही ते याच वेळी. बाजूला उभी केलीत हे फार बरं केलंत. त्या अवस्थेत जोर देत राहिला असतात तर क्लच प्लेटांचा लेप जळून गेला असता आणि मग दुसऱ्या गॅरेजवाल्याचा अंदाज आपोआप खरा ठरला असता. तो लेप किती शिल्लक आहे हेच आता शोधायचं आहे. तोवर घाट, भरलेली गाडी आणि दुपारचं ऊन टाळा. साताऱ्याहून कराडला सपाट रस्त्याने एकटीने जायला हरकत नाही, पण काम याच आठवड्यात करून घ्या.

'आयुष्यभराचं ऑईल' या दाव्यापुढे मी एकच गोष्ट ठेवतो. जर्मनीची झेडएफ कंपनी बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवते. गाडीवाल्या कंपन्या त्याच गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभराचं म्हणून सांगत आल्या, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर ८ वर्षांनी, ऑईल बदला. तुमच्या गाडीचं मॅन्युअलही शेवटच्या पानांपर्यंत वाचा. पुढे मोठ्या तक्त्यात काही करायची गरज नाही असं असलं तरी मागे 'कठीण वापर' नावाचा एक छोटा तक्ता बहुतेक मॅन्युअलमध्ये असतो. धूळ, उष्णता, डोंगराळ रस्ते, थांबत-थांबत चालणारं ट्रॅफिक असेल तर ऑईल अमुक किलोमीटरला बदला, असं तिथे लिहिलेलं असतं. हे वर्णन आपल्या नेहमीच्या रस्त्यांचंच आहे. सीलबंद याचा अर्थ एवढाच की ऑईल बघायची पट्टी काढून टाकली आहे. खाली बोल्ट असतो, पातळी बघायचा प्लग असतो, ऑईल बदलता येतं. पट्टी काढून टाकल्याने गिऱ्हाइकाची लुडबुड थांबली हे खरं, पण त्याबरोबर लक्ष देणंही थांबलं, आणि हा सौदा मला कधीच पटला नाही.

भाऊजींचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तशा घटना खरोखर घडलेल्या असतात. होतं असं की गिअरबॉक्स आधीच घसरायला लागतो, मग माणसाला ऑईलची आठवण होते. मशीन लावून दाबाने फ्लश करतात, आत वर्षानुवर्षं साचलेला गाळ सुटतो आणि ऑईलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो. चार दिवसांत गाडी बसते आणि खापर नव्या ऑईलवर फुटतं. क्लचचा लेपच संपला असेल तर कोणतंही ऑईल तो परत आणणार नाही, हेही तितकंच खरं. म्हणून फ्लश मशीन नको. कोणी कितीही आग्रह केला तरी नको. साधा मार्ग घ्यायचा: खालचा बोल्ट काढून जितकं निघेल तितकं काढायचं आणि तितकंच नवीन भरायचं.

तुमच्या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये एकूण सात लिटरच्या आसपास ऑईल असतं आणि बोल्ट काढल्यावर त्यातलं साधारण निम्मं बाहेर येतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. म्हणजे एकदा केल्याने निम्मं ऑईल नवीन होतं. काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा केलं तर तीन चतुर्थांश, तिसऱ्यांदा केलं तर जवळपास ८७ टक्के. सावकाश होतं, आणि जुन्या गिअरबॉक्सला हेच मानवतं. तिन्ही वेळचा खर्च मिळून तुम्हाला सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही.

पहिल्या वेळी तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा. शाळेला अर्धा दिवस सुट्टी टाका. काय निघतं ते तुमच्या डोळ्यांनी बघायचं आहे.

आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या तक्रारींचे कोड वाचणारं यंत्र. बाजारात मिळणारं स्वस्त ब्लूटूथचं यंत्र बहुतेकदा इंजिनचेच कोड वाचतं. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी बोलणारा स्कॅनर हवा. 'पी ०७००' एवढाच कोड दिसला तर त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला तक्रार आहे, त्याला विचारा' असा होतो. त्यावरून कोणी गिअरबॉक्स खोलायला निघाला तर चावी मागून घ्या. 'पी ०७४०' किंवा 'पी ०७४१' लॉक-अपकडे बोट दाखवतात, 'पी ०७३०' म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, घसरतंय. 'पी ०७१५' आणि 'पी ०७२०' हे वेगाच्या सेन्सरचे, आणि सेन्सर ही बहुधा बाहेरून बदलता येणारी, तुलनेने किरकोळ गोष्ट. बॅटरीही तपासायला सांगा. व्होल्टेज पडलं की हे कंट्रोलर भलतंच वागतात.

मग ऑईल काढताना ते मापाच्या भांड्यात घ्यायचं. किती निघालं तो आकडा लिहून ठेवा. या गिअरबॉक्समधून किती निघायला हवं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. त्यापेक्षा बरंच कमी निघालं तर गळती सिद्ध झाली आणि सकाळच्या दणक्याचंही कारण मिळालं. दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल ते तपकिरी रंग हा वयाचा भाग आहे, नुसत्या रंगावरून घाबरायचं कारण नाही. काळं आणि करपलेला वास असेल तर क्लच जळला आहे. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ निघालं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट ऑईलमध्ये मिसळलंय, आणि मग गाडी तिथून चालवत घरी न्यायची नाही. कूलंट क्लच प्लेटांवरचा लेप सोडवून टाकतं.

चेंबर काढता येत असेल तर तो काढायला लावा. आत लोहचुंबकाच्या छोट्या चकत्या असतात. त्यावर राखाडी, मऊ, मलमासारखा थर असणं स्वाभाविक आहे. एवढ्या वर्षांत तितकं झिजतंच. बोटात घेतल्यावर टोचणारे धातूचे कण, चमकणाऱ्या कपच्या किंवा काळे पापुद्रे दिसले तर मात्र दुसऱ्या गॅरेजवाल्याला फोन करायची वेळ आली. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टर काही गाड्यांमध्ये चेंबरबरोबरच बदलता येतो, काहींमध्ये गिअरबॉक्स उघडल्याशिवाय हाती लागत नाही. तुमच्यात दुसरा प्रकार असेल तर त्याच्यामागे लागू नका.

कोणतं ऑईल? मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. एसपी-४ लिहिलंय तर एसपी-४, डब्ल्यूएस लिहिलंय तर डब्ल्यूएस. 'सगळ्याला चालतं' असं लिहिलेला डबा दुकानदार पुढे करेल. लॉक-अपची थरथर ही ऑईलच्या घर्षणाच्या स्वभावाचीच तक्रार असताना स्वभाव न जुळणारं ऑईल घालण्यात काय हशील? हा स्वभाव जमवणं किती नाजूक काम आहे ते इतिहासातही दिसलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक ऑईलमध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत असत. देवमाशाला संरक्षण मिळाल्यावर ते बंद झालं आणि पर्याय सापडेपर्यंत रसायनतज्ज्ञांची पुरती दमछाक झाली, गिअरबॉक्सच्या तक्रारीही वाढल्या. त्यामुळे काउंटरवर विकल्या जाणाऱ्या जादूच्या बाटल्या, 'थरथर बंद', 'गळती बंद' वगैरे, माझ्या हिशेबी नकोतच. गळती बंद करणाऱ्या बाटलीतलं रसायन सील फुगवतं. जो सील गळत नव्हता तोही फुगतो.

पातळी लावणं ही या कामातली खरी कसोटी. गाडी चारही बाजूंनी सपाट, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक स्थितीतून सावकाश फिरवून 'पी'मध्ये, आणि ऑईल ठरलेल्या तापमानाला. काही गाड्यांत हे तापमान ३५ ते ४५ अंश, काहींत ५० ते ६० अंश. ते स्कॅनरवरच दिसतं, हाताने अंदाज घेऊन चालत नाही. त्या तापमानाला प्लग उघडला की बारीक धार येऊन ती थेंबांवर आली पाहिजे. काहीच आलं नाही तर कमी आहे. पंप हवा ओढेल. जास्त भरलं तर ऑईल फेसाळतं आणि परिणाम तोच होतो. मेकॅनिक तापमानाचं नावही न घेता 'ताई, बरोबर भरलंय' म्हणाला तर बरोबर भरलेलं नाही.

काम झाल्यावर स्कॅनरने जुन्या सवयी पुसून गिअरबॉक्सला नव्याने शिकवायची सोय असेल तर ती करून घ्या. पहिले दोन-तीन दिवस गिअर थोडे वेडेवाकडे पडतील, ते चालतं.

पुढे काय होईल ते सांगतो. थरथर कमी होईल आणि दुसऱ्या बदलानंतर बहुधा जाईल. सकाळचा दणका पातळीमुळे किंवा माउंटिंगमुळे असेल तर जाईल, टणक झालेल्या सीलमुळे असेल तर थोडा राहील. त्याच्यासोबत माणूस वर्षानुवर्षं गाडी चालवू शकतो. काटा वर जाऊन गाडी न उचलणं ताज्या ऑईलवर, सपाट रस्त्यावरही दिसलं, तर खोलण्याला पर्याय नाही. तेव्हाही आधी व्हॉल्व्ह बॉडी आणि तिच्यावरचे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह (सोलेनॉइड) तपासायला सांगा, कारण ते बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता निघतात. खोलायचंच ठरलं तर अंदाज लेखी घ्या. त्यात टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलर यांचं काय करणार ते लिहिलेलं हवं. जुन्या कूलरमधला गाळ नव्या प्लेटांवर येऊन बसला तर दीड लाख पाण्यात. वॉरंटी किती महिने आणि किती किलोमीटर तेही कागदावर हवं, आणि काढलेले भाग तुम्हाला दाखवायचे.

आता उतारावरचं न्यूट्रल. ते आजपासून बंद करा. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की इंजिनला पेट्रोल जाणंच थांबतं, चाकं इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगचं पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे जे वाचवायला गेलात तेच खर्च होतंय. शिवाय इंजिनाचा अडसर नाहीसा झाल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, आणि खाली आल्यावर वेगात पुन्हा 'डी' टाकताना आतल्या क्लचला फुकटचा फटका बसतो. घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. चढताना गाडी सतत गिअर बदलत घोटाळत असेल तर तेव्हाही हाताने खालचा गिअर धरून ठेवा, त्याने ऑईल कमी तापतं.

सिग्नलला मिनिटभर 'डी'वर ब्रेक दाबून थांबायला काही हरकत नाही. चढावर थांबताना अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक आहे की. रिव्हर्समधून 'डी' टाकताना गाडी पूर्ण थांबू द्या. गेटमधून बाहेर पडण्याच्या घाईत हे सगळेच चुकतात. उतारावर लावताना आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची आणि शेवटी 'पी'. नाहीतर अख्ख्या गाडीचं वजन आतल्या बोटभर खिट्टीवर येतं आणि सकाळी 'पी'मधून काढताना खाडकन आवाज येतो.

एक ताकीद घरातल्या सगळ्यांना देऊन ठेवा. ही गाडी बंद पडली तर धक्का मारून चालू होत नाही, आणि दोरी बांधून पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायचीही नाही. ऑईलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतला सगळा पसारा वंगणाविना फिरतो. अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवायचा, नाहीतर पुढची चाकं उचलणारी टोइंग गाडी.

एएमटीबद्दल. भारतात ती सामान्य माणसाच्या आवाक्यात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने आणली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला पायाहाताऐवजी यंत्र. तुमच्यापुरता फायदा असा की क्लच प्लेट गेली तर ती बदलणं तालुक्याच्या गावातही जमतं, फक्त त्यानंतर स्कॅनरने क्लचची ओळख करून द्यावी लागते. तोटा असा की गिअर बदलताना मान पुढे-मागे होते, आणि चढावरच्या ट्रॅफिकमध्ये लोक ती अॅक्सिलरेटरवर धरून ठेवतात व प्लेट जाळतात. ज्यांना टॉर्क कन्व्हर्टरची सवय झाली त्यांना ती पहिले सहा महिने आवडत नाही, असं मी अनेकांकडून ऐकलंय. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक, मऊ चालते, पण तिचं ऑईल वेगळं आणि ते वेळेवर बदलावंच लागतं; त्यात साधं ऑटोमॅटिकचं ऑईल चुकून गेलं तर पट्टा आणि पुली दोन्ही खराब. कोरड्या क्लचची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) हायवेला झकास, पण मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापते. सातारा-कराड रोज आणि महिन्यातून पुण्याची एखादी फेरी एवढाच वापर असेल तर मी पुन्हा टॉर्क कन्व्हर्टरच घेईन. फक्त सेकंडहँड घेताना गिअरबॉक्सचं ऑईल कधी बदललं त्याचं बिल मागेन, आणि गाडी बघायला पहाटे, इंजिन थंडगार असताना जाईन. विक्रेत्याने आपण पोहोचण्याआधीच ती चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.

चेंबर उघडल्यावर चुंबकाचा फोटो मात्र नक्की पाठवा, सोबत किती ऑईल निघालं तो आकडाही. तो बघून दुसऱ्या बदलाचं काय करायचं ते सांगतो.